फार्महाऊसवाल्याला आधी नाही म्हणा

प्रश्न थोडक्यात असा. कांदिवली पूर्वेला वन बीएचकेत राहणाऱ्या एका ताईंनी गेल्या जुलैत, धो धो पावसात, पार्किंगमधल्या गाडीखाली सापडलेलं देशी पिल्लू वर आणलं, घर मिळेपर्यंत ठेवू म्हणून. त्या पिल्लाचा आता दहा महिन्यांचा, सोळा किलोंचा बंड्या झालाय. नवरा-बायको दोघं नोकरीला. दिवसभर घरात सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. बंड्या दारातून येणाऱ्या प्रत्येकावर उडी मारतो, चालताना पायजमा धरतो, सोफ्याचा एक हात त्याने फस्त केलाय. मध्यंतरी बोरिवलीच्या एका कुटुंबाने नेला आणि चौथ्या दिवशी परत आणून दिला, ‘फार हायपर आहे’ म्हणून. आता सोसायटीतले, ऑफिसातले, माहेरचे, सगळे एकच सांगताहेत: फार्महाऊसवर देऊन टाका, तिथे मनसोक्त पळेल. कर्जतच्या एका गृहस्थांनी तयारीही दाखवलीय. द्यावा का?

ताई, नका देऊ. निदान चार प्रश्न विचारल्याशिवाय तरी नाहीच.

मुंबईत कुत्र्यांना घरं शोधून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. तरुण, उत्साही कुत्र्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट घर कुठलं येतं म्हणाल, तर हेच. फार्महाऊसचे मालक राहतात मुंबईत. शनिवार-रविवारी जातात, तेही जमलं तर. बाकीचे दिवस तिथे केअरटेकर असतो आणि त्याला कुत्रा हवा असतो राखणीला. म्हणजे दिवसा साखळी, रात्री मोकळा. बंड्या माणसांच्या पायात घोटाळत वाढलाय. एकरभर जमिनीचं तो काय करणार? मोकळ्या जागेत एकटा सोडलेला कुत्रा पाच-दहा मिनिटं धावतो, चार झुडपं हुंगतो आणि फाटकापाशी येऊन बसतो. पळायलासुद्धा त्याला कुणाची तरी सोबत लागते. शिवाय साप, विंचू आणि बिबट्या आहेतच. आरे, येऊर, नॅशनल पार्कच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्या कुत्री उचलतो हे तिथल्या कुणालाही विचारा. कर्जतच्या डोंगराकडेच्या बंगल्यातही रात्री बाहेर सोडलेल्या कुत्र्याला हा धोका असतोच.

ते चार प्रश्न असे. रात्री कुत्रा कुठे झोपेल? सोमवार ते शुक्रवार तिथे कोण असतं, आणि त्याला स्वतःला कुत्रा हवाय का? सर्वात जवळचा जनावरांचा डॉक्टर किती लांब आहे, आणि तो गाई-म्हशींचा की कुत्र्यांचा? याआधीचा कुत्रा कुठे गेला? शेवटच्या प्रश्नावर ‘तो असाच कुठेतरी निघून गेला’ असं उत्तर आलं की फोन ठेवून द्यायचा. अर्थात, बारा महिने शेतावरच राहणारी, कुत्र्याला घरात घेणारी माणसंही असतात. तशी भेटली तर बंड्याचं नशीब. पण ती विरळा.

मग घर कुठलं शोधायचं? लोक जागा बघतात. मी दिनक्रम बघते. परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मजेत राहणारी तरुण कुत्री मी पाहिलीत, कारण घरातलं कुणीतरी पहाटे साडेपाचला पट्टा घेऊन निघतंच निघतं. आणि टॉवरमधल्या फोर बीएचकेत भिंती कुरतडणारीही पाहिलीत. तुम्हाला हवाय तो असा माणूस, जो बंड्या नसतानाही रोज चालायला जातो. धावणारा, ट्रेकला जाणारा, डॉक्टरांनी चालायला सांगितलेला पण गुडघे शाबूत असलेला, घरून काम करणारा. ज्यांच्याकडे आधीच एक शांत, समजूतदार मोठी कुत्री आहे असं घर तर फारच छान. ती एका गुरगुरण्यात जे शिकवेल ते आपण महिनाभरात शिकवू शकत नाही. पहिल्यांदाच कुत्रा घेणारे चालतील, मी त्यांना बाद करत नाही. पाच-सहा वर्षांखालची मुलं असलेली घरं मात्र नकोत. बंड्या वाईट म्हणून नव्हे. सोळा किलोंची उडी आणि तीन वर्षांचं मूल हे गणित एकदा तरी चुकतंच, आणि मग शिक्षा कुत्र्याला होते.

पण जाहिरात करायच्या आधी आपल्या हातात असलेलं एक काम आहे, आणि माझ्या मते निम्मं यश तिथेच आहे. बंड्या खरंच किती ‘हायपर’ आहे ते शोधायचं.

तुम्ही लिहिलंय की तो संध्याकाळी सात ते दहा सगळ्यात जास्त पिसाळतो, आणि दिवसभर खिडकीत उभा राहून भुंकतो. आता बघा. या वयाच्या कुत्र्याला दिवसाकाठी चौदा-सोळा तासांची झोप लागते. तुमच्या खिडकीखाली रिक्षास्टँड, वर टीव्ही, दर पंधरा मिनिटांनी दाराची बेल: दूधवाला, कुरिअर, कचरेवाला, कामवाल्या मावशी. तो झोपतोय कधी? जागरण झालेलं मूल जसं संध्याकाळी विनाकारण भोकाड पसरतं, तसाच हा सात वाजता पायजमा धरतो. त्याला आणखी दमवायला जाल तर तो आणखी चढेल. चेंडू फेकून फेकून दमवण्याचा उद्योग तर आधी बंद करा. त्याने कुत्रा शांत होत नाही, फक्त त्याचा दम वाढतो.

खिडकीच्या खालच्या निम्म्या काचेला कागद लावा. बेडरूमचा कोपरा, पंखा, अंधार, चावायला काहीतरी, आणि दुपारी दोन-अडीच तास दार लोटून घ्या. पहिले दोन-तीन दिवस कुरकुर करेल. सासूबाईंनाही तेवढीच पाठ टेकता येईल.

सकाळचा फेरा बदला. तुम्ही अर्धा तास झपझप चालवून आणता. त्याऐवजी पाऊण तास, आणि त्यातला निम्मा वेळ त्याच्या नाकाला द्या. आखूड पट्ट्याऐवजी तीन-चार मीटरची दोरी, गळ्याऐवजी छातीच्या हार्नेसला. एखाद्या झाडाच्या बुंध्याशी तो दोन मिनिटं थांबला तर दोन मिनिटं तुम्हीही थांबायचं, ओढायचं नाही. जवळून बघा: आधी नाकपुड्या भराभर हलतात, मग एक मोठा फुत्कार टाकतो, मग पुन्हा तीच जागा बोटभर बाजूने. शेपूट खाली येते, पाठ सैल होते. अशा पाऊण तासानंतर घरी येऊन तो जसा आडवा होतो तसा दीड तास पळवूनही होत नाही. मार्च संपत आला, तेव्हा आठच्या आत परत या. संध्याकाळी डांबरावर हाताचा तळवा सात-आठ सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवला नाही तर त्यालाही सोसवणार नाही.

जेवण ताटलीत देणं सोडा. कोरडं खाणं जुन्या टॉवेलात पसरून गुंडाळी करा, किंवा ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकून द्या, चिकटपट्टी आणि पिना काढून. खोकं फाडेल, पसारा होईल, सोफा वाचेल. दहीभात वाटीत घालून फ्रीझरमध्ये गोठवला की चाटायला वीस मिनिटं पुरतो.

डॉक्टरांकडचं काम लगेच उरकून घ्या. परत केल्यानंतर एकदाही तपासणी झाली नाही असं दिसतंय. रक्त तपासून घ्या, मुंबईत गोचिडांमुळे होणारा टिक फीव्हर इतका पसरलेला आहे की वरवर ठणठणीत कुत्र्यातही निघतो. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस कार्डावर नोंदवलेली हवी. पावसाळा येतोय, म्हणून लेप्टोचा डोस त्यात आहे ना ते विचारा. तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्या कुत्र्यालाच नव्हे, माणसालाही तो आजार होतो. नसबंदी घर मिळण्याआधी झालेली बरी. ‘नवे मालक करतील’ यातलं निम्मं कधीच होत नाही. मात्र नसबंदीने बंड्या गाईसारखा गरीब होईल ही आशा बाळगू नका, आणि समोरच्यालाही तसं सांगू नका. मादीच्या मागे पळून जाणं, जागोजागी तंगडी वर करणं कमी होतं. उड्या मारायच्या तेवढ्या तो मारणारच. त्यासाठी शिकवणं आणि वय. दीड-दोन वर्षांचा झाला की बराच फरक पडतो.

आणखी एक. खेळताना त्याचा दात लागून कुणाची कातडी फुटली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांना विचारून इंजेक्शन घ्यायचं. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

एवढं दोन-तीन आठवडे केलंत की तुमच्या हातात खरा बंड्या येईल, आणि त्याच्याबद्दल लिहिता येईल. तुमची आधीची जाहिरात मी वाचली: ‘गोंडस, खेळकर, प्रेमळ बाळ, प्लीज घर द्या, अर्जंट.’ यावरून कुणाला काय कळणार? बोरिवलीचे लोक ‘गोंडस बाळ’ न्यायला आले आणि त्यांना बंड्या मिळाला. चांगल्या जाहिरातीने दहातल्या नऊ जणांनी परस्पर माघार घ्यायला हवी. मी असं लिहीन:

‘बंड्या. देशी नर, दहा महिने, सोळा किलो. लसी पूर्ण, नसबंदी झालेली. फिरायला नेलं नाही तर घरभर नाचतो, फिरून आला की तीन तास ढाराढूर. पाहुण्यांवर उडी मारतो, सवय सुटत आलीय, सुटलेली नाही. घरात शी-शू करत नाही. एकटा तीन तास राहतो, त्यापुढे भुंकतो. मांजरांच्या मागे लागतो. बस, थांब, सोड एवढं येतं. चिकनच्या तुकड्यासाठी काहीही शिकेल. सहा वर्षांखालची मुलं असलेल्या घरी देणार नाही. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास चालणारं कुणीतरी घरात हवं. आधी घर बघायला येऊ.’

फोटो हवेत उडी मारतानाचा नको. खिडकीच्या उजेडात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा. आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात पट्टा सैल आहे आणि तो तुमच्या बाजूने चालतोय. हा व्हिडिओ दहा फोटोंचं काम करतो.

जाहिरात कुठे टाकायची हे तुम्हाला ठाऊकच आहे: व्हॉट्सॲपचे गट, इन्स्टाग्राम, वर्ल्ड फॉर ऑलसारख्या संस्था. दत्तक शिबिरात मात्र बंड्याला स्वतः घेऊन जाऊ नका. तिथला गोंगाट, अनोळखी हात आणि शेजारच्या टोपलीतली दीड महिन्यांची पिल्लं, यात तो कुणाच्या डोळ्यात भरेल तो चुकीच्याच कारणाने. परळचं बैल-घोडा हॉस्पिटल आजारी जनावरांसाठी आहे. धडधाकट कुत्रा ‘ठेवून घ्या’ म्हणून तिथे न्यायचा नसतो. सगळ्यात चांगली घरं मला मिळालीत ती रोजच्या फेऱ्यावर. ठाकूर व्हिलेजमध्ये सकाळी सहाला जे धावताना दिसतात, त्यांच्यातच बंड्याचा माणूस असण्याची शक्यता जास्त. त्याच्या हार्नेसवर ‘मला घर हवंय’ असं कापडी लेबल शिवून टाका. कुत्रे फिरवणाऱ्या मुलांना आणि तुमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरलाही सांगून ठेवा, कुणाचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला हे त्यांना आधी कळतं.

मग फोन येतील. लगेच घर बघायला धावू नका, दहा मिनिटं नीट बोला. माझा नेहमीचा संवाद साधारण असा असतो:

‘सकाळी कोण नेणार?’

‘मुलंच नेतील, त्यांनाच हवाय.’

‘कितवीत आहेत?’

‘मोठा आठवीत, धाकटी पाचवीत.’

‘दोन वर्षांनी दहावी. तेव्हा कोण नेणार?’

इथे बहुतेक जण हसतात आणि ‘बघू ना तेव्हा’ म्हणतात. क्वचित एखादा म्हणतो, ‘मीच नेईन हो, नाहीतरी सहाला उठतोच.’ त्याचा नंबर जपून ठेवायचा.

भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी मागा. अकरा महिन्यांचे करार, दर वर्षी नवं घर, आणि ‘नवीन मालक कुत्रा नाही म्हणतो’ हे मुंबईत कुत्रा परत येण्याचं मोठं कारण आहे. सोसायटीचं म्हणाल तर उलट आहे. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने 2015 मध्येच स्पष्ट केलंय की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरल्याचे पैसे मागता येत नाहीत. पण कागदावरचा हक्क आणि रोज वॉचमनशी, सेक्रेटरीशी होणारी कुरबुर या दोन गोष्टी आहेत. समोरच्या माणसात ती कुरबुर सोसायची ताकद आहे का, हे बोलण्यातून कळतं.

शाकाहारी घर असेल तर मोकळेपणाने विचारा: पाकिटातलं कोरडं खाणं चालेल का? अंडं? पुष्कळ गुजराती-मारवाडी घरांत वेगळी भांडी, वेगळी जागा ठेवून ते चालतं. जिथे फक्त दूध-पोळीवर ठेवायची तयारी आहे तिथे नको.

घर बघायला जाल तेव्हा सगळी माणसं हजर हवीत, आजी-आजोबांसकट. ज्यांना कुत्रा नकोय ते बोलत नाहीत, आत स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवतात. तो आवाज ऐकायला शिका. कामवाल्या मावशींनाही विचारलंय का, ते विचारा. मावशी काम सोडते म्हणाल्या की कुत्रा दुसऱ्या दिवशी परत, हे मी अनेकदा पाहिलंय. घरात बघायचं ते गॅलरीचं ग्रिल (बंड्याचं डोकं जाईल तिथून अख्खा बंड्या जाईल), फ्रेंच विंडो आणि मुख्य दार. जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर उत्तम. बेल वाजल्यावर दार उघडतं आणि त्याच क्षणी नवा कुत्रा जिन्याने खाली पळतो. नव्या वस्तीत हरवलेला कुत्रा घर शोधत येत नाही, कारण त्याच्या लेखी ते घरच नसतं.

म्हणून द्यायच्या दिवशी दोन पट्टे: एक हार्नेसला, एक गळ्याला, दोन्ही वेगवेगळ्या हातांत. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आधीच हवा, आणि तूर्त त्यावर नंबर तुमचाही असू दे. आधी एक-दोनदा त्यांच्यासोबत फिरायला जा, मग एकदा त्यांच्या घरी तासभर, आणि मग दोन आठवड्यांची ट्रायल. नेणाऱ्याने तीन-चार दिवस रजा घेतलेली असावी. गणपती, दिवाळी, लग्नघर यांच्या तोंडावर कुणालाही देऊ नका, कितीही गयावया केली तरी. त्याची चादर न धुता सोबत द्या, आणि आठवड्याचं तेच खाणं. पहिले तीन दिवस तो कदाचित जेवणार नाही, कोपऱ्यात बसेल, आणि ते म्हणतील ‘किती शांत आहे!’ तो शांत नसतो, बावरलेला असतो. खरा बंड्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाहेर येतो. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा तेच होईल. पाहुण्यांना ‘बघायला’ बोलावू नका हेही सांगा.

कागद करा. साधा, एका पानाचा: नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, लसीकरणाची जबाबदारी, महापालिकेचा श्वान परवाना काढण्याची जबाबदारी, आणि ठळक अक्षरात एक ओळ: जमलं नाही तर कुत्रा फक्त आमच्याकडेच परत येईल. कुत्रा रस्त्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात लिहिलेला दंड पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये, म्हणजे वडापावच्या किमतीत सुटका. कायद्याची भीती घालून काही साधत नाही. तुमचा फोन उचलला जाईल ही खात्री त्या ओळीपेक्षाही जास्त कामाची. आणि तुम्हाला कुणी ‘खालीच सोडा, सोसायटीचा कुत्रा होईल’ सुचवलं तर तेही नको. घरात वाढलेल्या दहा महिन्यांच्या कुत्र्याला खालची टोळी आत घेत नाही.

हे सगळं व्हायला दोन-तीन महिने सहज लागतील. तोवर सासूबाईंचं काय, हा खरा प्रश्न आहे. दुपारच्या एका फेऱ्यासाठी कुत्रे फिरवणारा मुलगा लावा, आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवून घ्या. तेवढ्यावर बऱ्याच घरांत शांतता नांदते.

आणि बोरिवलीच्या कुटुंबाला एकदा फोन करा. भांडायला नव्हे. त्या चार दिवसांत तो किती वाजता बिथरायचा, एकटा किती वेळ ठेवला होता, रात्री कुठे झोपला, कोण फिरवत होतं, कितीदा, हे सगळं विचारून लिहून घ्या. तुमच्या घराबाहेर बंड्या कसा वागतो हे आज फक्त त्यांनाच माहीत आहे.